गुलाबी तबकडी

संपादकांचा फोन आला, "ताई, तुमच्या कारकिर्दीवर लिहा." कारकीर्द राजांची असते. माझा धंदा होता, अजून थोडा आहे. तो सांगितला की माणूस आधी हसतो आणि मग माझ्या तोंडाकडे बघून हसू आवरतो.

फुटबॉलचा सामना घ्या. हाफ टाइमची शिट्टी होते, खेळाडू बाजूला जातात आणि भरलेल्या गॅलरीसमोर मैदान रिकामं पडतं. त्या मैदानावर कुणीतरी येऊन काहीतरी करून दाखवतं. ते कुणीतरी शोधायचं, त्याचं संयोजकांशी ठरवायचं, वेळेवर आणायचं आणि धडधाकट घरी पोचवायचं, हे माझं काम. हलगीचे ताफे दिले, लेझीमची पथकं दिली, मर्दानी खेळाच्या पोरी दिल्या, एकदा एकचाकी सायकलवर बसून चपात्या लाटणारा एक गृहस्थही दिला. आणि काही हंगाम मी एक कुत्री दिली. तिचं नाव बत्ताशी. फेकलेली तबकडी ती पळत जाऊन, हवेत उडी मारून दातांत धरायची. लिहायला बसले ते तिच्यासाठी. बाकीचे सगळे आपापलं सांगायला समर्थ आहेत.

मी मूळची स्टेडियमच्या फाटकाबाहेरची. आई भाजक्या शेंगा विकायची, मी पुड्या बांधायचे. आत सामना चाले आणि आम्हाला नुसता आवाज ऐकू येई. गोल झाला की भिंत हलल्यासारखी वाटायची. गोल कुणी केला ते कळायला सामना सुटेपर्यंत थांबावं लागे, कारण टोपली सोडून फाटकाशी गेलं की पाठीत धपाटा बसे. तेव्हापासून एकच डोक्यात होतं. एकदा आत जायचं, आणि गॅलरीत बसायला नाही, मैदानाच्या मधोमध. पुढं सगळ्या जिल्ह्यातली मैदानं माझ्या पायाखालून गेली. ते एक मात्र राहिलं होतं.

धंद्याची सुरुवात हलगीवाल्यांपासून झाली. आमच्या आजोबांनी बौद्ध झाल्यावर हलगी कायमची सोडली ती मानासाठी, त्यामुळं मी हलगीवाल्यांचं काम घेतल्यावर घरात वाद झाला. मी वडिलांना म्हटलं, "मी वाजवत न्हाय, अटी घालतोय." (आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना 'येतो, जातो' असंच म्हणतो. बाहेरच्यांनी दचकू नये.) पहिली अट ही घातली की वाजवणाऱ्यांना खुर्च्या आणि सगळ्यांच्या पंगतीत जेवण. एका संयोजकानं "त्यांना मागं वाढू की" म्हटल्यावर मी भरल्या मांडवातून ताफा उठवून नेला. त्या दिवसापासून माझं तोंड वाईट म्हणून प्रसिद्ध आहे. धंद्याला त्याचा उपयोगच झाला.

सौदा करायला मला कुणी शिकवलं नाही. आपण आधी आकडा बोलायचा नाही, आणि समोरचा फार खाली उतरला की उठून चपला घालायच्या. एक चप्पल घालून झाली की साधारण आवाज येतो, "ओ ताई, बसा की." दुसरी घातल्यावरही आला नाही तर खरंच निघून जायचं. बहुतेकांना हे शेवटचं जमत नाही. ते उंबऱ्यात घुटमळतात आणि तिथंच मरतात.

बत्ताशी मला दुसऱ्याच कामाला गेले असताना सापडली. कुरुंदवाडला एका बँडवाल्याकडे निघाले होते. रस्त्याच्या कडेला मक्याचं रान, त्यात बांधावर उभा राहून एक माणूस रंगाच्या बादलीची निळी झाकणं भिरकावत होता. मला वाटलं, घरात भांडण झालेलं दिसतंय. तेवढ्यात मक्याच्या वर एक तांबूस अंग उसळलं, झाकण हवेतच धरलं आणि पुन्हा मक्यात बुडालं. मी गाडी थांबवली.

"पावणं, काय करताय हे?"

"पोपट हाकलतोय."

"आणि ती?"

"ती झाकण आणत्या परत. न्हाईतर मला झाकणांचं दुकान घालाय लागलं असतं."

हे भीमगोंडा. जैन शेतकरी घर, सगळा गाव त्यांना भीमाण्णा म्हणायचा. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी आणि एकूणच कमी. कुत्रीची आई शिकारी जातीची होती, बाप कोण ते अण्णांना माहीत नव्हतं आणि विचारलेलं आवडत नव्हतं. शिकाऱ्याची ही लेक अण्णांच्या घरात दूध-भाकरीवर वाढलेली. गोडाची आवड एवढी की बत्ताशाच्या वासानं झोपेतून उठायची, म्हणून नाव बत्ताशी.

"हिला मैदानात आणता का? माणसं बघतील," मी म्हटलं.

"त्यात काय बघायचं? खोड हाय ती तिची."

तासभर मी त्या बांधावर बसून बोलले. पैशाचा विषय काढला की अण्णा पोपटांकडे बघायचे. आयुष्यात पहिल्यांदा असा माणूस भेटला की ज्याच्यापुढं चप्पल घालून उपयोग नव्हता, कारण मी निघून गेले असते तर त्याला बरंच वाटलं असतं. शेवटी अण्णांच्या बायकोनं, सुशीलाक्कांनी आतून हाक मारली, "जावा की वो, जरा गाव तरी बघंल ती." मग ते तयार झाले आणि मला म्हणाले,

"अक्का, माझी एकच अट. ती न्हाय म्हणाली तर न्हाय."

"कुत्री न्हाय कशी म्हणंल?"

"मन असलं की झाकण आणून माझ्या पायावर टाकत्या. मन नसलं की लांब ठेवत्या आणि त्याच्यावर बसत्या. मग कोण बी येऊंदे, उठत न्हाय."

मी हसून मान्य केलं. फुकटात मिळालेली अट वाटली.

आता बाहेरच्यांसाठी धंद्याचं थोडं सांगते. हाफ टाइम कागदावर मोठा असतो, हातात येतो त्याच्या निम्मा. पाहुण्यांचं स्वागत होतं, नारळ-फेटा होतो, एखादा माजी कुणीतरी दोन शब्द बोलायला उठतो आणि बसत नाही. तेवढ्यात बदली खेळाडू मैदानात चेंडू मारायला उतरतात. म्हणून मी ठरवतानाच सांगायची, भाषण आधी सुरू झालं तर माझी कुत्री बोलणाऱ्यावर सोडीन. जनावर आणायचं तर परवानगी लागते, डॉक्टरांचा दाखला लागतो. सामन्याआधी मैदान मी स्वतः अनवाणी फिरायची. काच, खिळे, बाटलीची बुचं हाताला लागतील ती उचलायची. मैदानावर आखायला जी पांढरी फक्की मारतात ती ओली असेल तर कुत्र्याच्या पायाला झोंबते, म्हणून तबकडी कुठल्या बाजूला जायची तेही ठरवावं लागे. आणि प्रत्येक मैदानाची स्वतःची कुत्री असतात, गेली कित्येक वर्षं तिथंच राहणारी. त्यांचा मान आधी. त्यांना मागच्या बाजूला पाव घालून बसवायचं, मग आपली पाहुणी आत न्यायची. हे विसरलात तर हाफ टाइमला वेगळाच खेळ बघायला मिळतो.

तबकड्या मी कोल्हापुरातून आणून दिल्या, पण अण्णांचा जीव बादलीच्या निळ्या झाकणावरच. आम्ही सगळीकडं तेच वापरायचो.

पहिला मोठा कार्यक्रम कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत होता. कंपन्या-कंपन्यांचे फुटबॉल सामने. अण्णांनी तिला शिट्टीवर पळायला शिकवलं होतं. शिट्टी वाजली की पळायचं, झाकण धरायचं. रानात ठीक होतं. इथं सामन्याला रेफ्री असतो आणि त्याच्याकडंही शिट्टी असते, हे आम्हा दोघांच्या डोक्यातच आलं नाही. खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला, कुणीतरी कुणाला पाडलं, रेफ्रीनं शिट्टी मारली आणि बत्ताशी अण्णांच्या हाताला हिसडा देऊन मैदानात. सगळे खेळाडू बाजूला. ती गेली ती थेट रेफ्रीसमोर जाऊन बसली आणि वर बघत राहिली, टाक आता. रेफ्रीनं खिशात हात घातला, लाल कार्ड काढलं आणि तिला दाखवलं. तिनं उडी मारून तेच धरलं आणि पळत आणून अण्णांच्या पायावर टाकलं.

अख्खं मैदान हसत होतं. मला मात्र पुढची सगळी बोली त्या एका कार्डासाठी बुडणार असं वाटलं. हाफ टाइमला रेफ्री आला आणि म्हणाला, "ताई, कार्ड द्या माझं. दुसऱ्या हाफला लागंल." त्यावर दातांच्या खुणा होत्या. त्यानं ते तसंच वापरलं म्हणे, बरेच दिवस.

त्यानंतर शिट्टी बंद. अण्णा नुसती हाळी द्यायचे, "बा गss बत्ताशेss!" बा म्हणजे कानडीत ये. आमच्या दक्षिणेकडच्या गावांत तान्ह्या पोराला, म्हशीला, रुसलेल्या बायकोला, सगळ्यांना हाच शब्द. तो गॅलरीला असा आवडला की दुसऱ्या फेकीपासून लोकच ओरडायला लागायचे. अण्णा झाकण वर धरायचे, गर्दी ओरडायची "बा गss", आणि ती सुटायची. मोबाइलवर कुणी-कुणी ते टाकलं. गडहिंग्लजला गेलो, जयसिंगपूरला कबड्डीच्या स्पर्धेत गेलो, सगळीकडं आमच्या आधी ती हाळी पोचलेली.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. कुस्तीच्या मैदानाच्या एका संयोजकानं विचारलं, "ही कुस्ती खेळंल का?" मी म्हटलं, "खेळंल, तुमी लंगोट लावा." क्रिकेटवाल्या एकाला ती सीमारेषेवर क्षेत्ररक्षणाला हवी होती, आणि तो विनोद करत नव्हता. एका पुढाऱ्याचा माणूस आला. साहेबांच्या वाढदिवसाच्या कबड्डी स्पर्धा होत्या. म्हणाला, "ताई, तबकडीवर साहेबांचा फोटो छापू. हवेत साहेब उडताना दिसतील."

"दिसतील की. आणि मग?"

"मग काय?"

"मग साहेब कुत्र्याच्या तोंडात."

तो हात जोडून म्हणाला, "हे आपण बोललोय हे कुणाला सांगू नका."

त्या दिवसांत आमचं असं होतं. टेम्पोत पुढं ड्रायव्हर आणि मी, मागं पोत्यावर अण्णा आणि त्यांच्या मांडीवर तिचं डोकं. परत येताना नृसिंहवाडीच्या फाट्याला चहा. मी दिवसभर कुणा-कुणाला शिव्या घातल्या ते सांगायची, अण्णा ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "व्हय अक्का, पण पळाली चांगली." मला माणसं फार टिकली नाहीत. जवळची म्हणावीत अशी ही दोन होती, त्यातलं एक कुत्रं.

आणि तरी आमचं आपलं स्टेडियम राहिलेलंच. मी दर हंगामाला कमिटीकडं जायची. कमिटीचे सेक्रेटरी नाना, पांढरी पँट, पांढरे बूट, खुर्चीतून न उठता बोलायचे.

"मंगलताई, हितं फुटबॉल हाय. सर्कस न्हाय."

"नाना, तुमच्या हाफ टाइमला माणसं भजी खायला भाईर जात्यात. मी ती बसवून दाखवतो."

"भजीवाल्याच्या पोटावर कशाला पाय देताय?"

खोलीतली सगळी हसायची. मी चपला घालायची. या एका दारात मला कधी "बसा की" ऐकू आलं नाही, आणि तरी पुढच्या हंगामाला मी पुन्हा जायची. धंद्यातला माझा नियम मी इथंच मोडला. ते मैदान हवंच होतं मला.

एका वर्षी नानांचाच फोन आला. अंतिम सामना चिंचेखालची तालीम आणि दगडी विहीर तालीम यांच्यात ठरला होता. बाहेरच्यांना सांगते, कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा असतो आणि तालीम म्हणजे अख्खी पेठ. सामना दोन संघांत होतो, भांडण दोन पेठांत. त्या दोघांत आदल्या सामन्याला गॅलरीत चपला-बाटल्यांचा पाऊस झाला होता. नाना म्हणाले, "हाफ टाइमला पोरं मोकळी राह्यली की पेटत्यात. त्यांना बघायला कायतरी पायजे. तुमची कुत्री आणा."

मी फोन ठेवला आणि किती तरी वेळ स्वयंपाकघरात उभी राहिले. मग अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "तुमचंच मैदान न्हवं ते? येतो की."

मग रंगाची बैठक झाली. एक नाही, तीन झाल्या.

चिंचेखालचे पिवळे, दगडी विहीरवाले निळे. आमचं झाकण निळं. पिवळ्यांचे वस्ताद पहिल्याच बैठकीत म्हणाले, "निळं झाकण मैदानात फिरलं आणि कुत्री त्याच्यामागं पळाली, तर आमची पोरं काय समजतील?"

"कुत्री भुकेली हाय असं समजतील," निळ्यांचा कारभारी म्हणाला.

खुर्च्या सरकल्या. नानांनी दोघांना बसवलं. मी म्हटलं, पिवळी घेऊ. आता निळे उठले. पांढरी म्हटलं तर दोन्हीकडून एकदम, "पांढरं निशाण? शरण आलोय व्हय आमी?" लाल रंग उपांत्य सामन्यात हरलेल्या तालमीचा, त्यांनी तो चिडवणं समजून घेतलं असतं. काळा अपशकुनी. हिरवा आणि भगवा मी तोंडातून काढलेच नाहीत, मलाही या गावात राहायचं आहे. तिसऱ्या बैठकीला एकच रंग शिल्लक राहिला होता. कोल्हापुरात फुटबॉलला कुणीच न घेतलेला.

"गुलाबी," मी म्हटलं.

मग पिवळ्यांचे वस्ताद म्हणाले, "ह्याला कोण हरकत घेईल असं वाटत न्हाय." मिटलं. नानांनी चहा मागवला आणि त्या खोलीत मला पहिल्यांदा खुर्ची दिली. मी स्वतः बाजार पालथा घालून एक चांगली गुलाबी तबकडी आणली. बाहेर पडताना वाटलं, एवढा अवघड सौदा आपण आजवर केला नव्हता.

सामन्याच्या दिवशी गॅलरी दुपारीच भरली. फाटकाबाहेर जिथं आई बसायची तिथं आता आईस्क्रीमची गाडी असते. अण्णा टेम्पोतून उतरले, बत्ताशी उतरली. गॅलरीच्या मागं थोडी मोकळी जागा आहे, तिथं माती आणि वाळलेलं गवत. पहिला हाफ संपत आला तसं अण्णांनी तिचं अंग मोकळं करायला गुलाबी तबकडी फेकली. नवी होती म्हणून आधी वास दिला होता.

ती पळाली आणि मध्येच थांबली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. तबकडी तिच्या उजवीकडं जाऊन पडली. ती हुंगत-हुंगत गेली, सापडल्यावर उचलली, आणि आणून आमच्यापासून लांब ठेवली. मग तिच्यावर बसली.

अण्णांनी पुन्हा फेकली. पुन्हा तेच. या वेळी ती आडवीच झाली, तबकडी पोटाखाली घेऊन.

"न्हाय म्हणाली," अण्णा म्हणाले.

"अण्णा, आज न्हाय हा शब्द न्हाय."

"ठरलं हुतं आपलं."

"ठरलं हुतं व्हय! आत काय चाललंय ऐकू येतंय का?" आत माईकवाला आधीच सुरू झाला होता, जिची तुम्ही आतुरतेनं वाट बघताय ती आपल्या जिल्ह्याची शान.

अण्णा हळूच म्हणाले, "टेम्पोत निळं झाकण हाय. त्याच्यावर उठंल ती."

मी भिंतीकडं बघितलं. भिंतीपलीकडं निम्मी गॅलरी पिवळी होती. तीन बैठका घेऊन मीच शब्द दिला होता. "निळं टाकलं तर ती जित्ती भाईर येईल अण्णा, आपण येणार न्हाय."

नाना धापा टाकत आले. "चला, चला! आली का न्हाय तुमची हिरॉईन?" मी बत्ताशीच्या पोटाखालून तबकडी ओढून काढली आणि एकटीच आत गेले. दुसरं काय करणार होते?

मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की आवाज वेगळा येतो, हे तेव्हा कळलं. बाहेर शेंगांपाशी तो भिंतीवरून यायचा, उरलासुरला. इथं तो चारही बाजूंनी अंगावर उतरतो, माणूस घंटेच्या आत उभा असल्यासारखा. माईक हातात दिला कुणीतरी. मी आयुष्यात कुणापुढं अडखळले नाही. तिथं नीट शब्द सुचेना. म्हटलं, "मंडळी, बत्ताशी आज न्हाय म्हणत्या."

मग वरून एक आवाज, "मग तूच पळ की मावशेss!"

हसण्याचा लोट आला. मी तबकडी हातात धरून उभीच. आणि मग कुठून तरी, बहुतेक पिवळ्यांतून, सुरू झालं, "बा गss बत्ताशेss!" निळ्यांनी उचललं. पिवळ्यांनी वर चढवलं. बघता-बघता सगळं स्टेडियम एका तालात, "बा गss! बा गss!" या दोन पेठांना एकच शब्द एकत्र ओरडताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मैदानात यायचं फाटक मला समोर दिसत होतं. बत्ताशी उठली होती. कान ताठ, शेपूट वर, पुढचा एक पाय फाटकाच्या आत. ती यायला निघाली होती. मी बघितलं, मला कुणी सांगायला नको. मी हात हलवला, सोडा, सोडा. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. हातातली दोरी गुंडाळून आखूड केली, तिला वळवलं आणि दोघं भिंतीआड गेली.

थोडा वेळ हाळी चालली, मग विस्कटली, मग नानांनी गाणी लावली.

मी बाहेर आले ती पेटूनच. तोवर अण्णांना मी कधी अहो-जाहोशिवाय बोलले नव्हते. "सोडायची हुतीस की तिला! येत हुती ती!"

"आली असती. आणि मग?"

"मग काय? नुसती मधी येऊन बसली असती!"

"एवढ्या माणसांत तुमी झाकण टाकलं असतं आणि तिला गावलं नसतं. लाजली असती ती, अक्का."

"कुत्री लाजत्या व्हय?"

"माझी लाजत्या."

मी नंतर जे बोलले ते हा अंक छापणार नाही. अण्णा ऐकून घेत राहिले, तिला पोत्यावर चढवलं, स्वतः चढले आणि गेले. चहाच्या फाट्याला ते थांबले का ते मला माहीत नाही.

कमिटीनं मला पुन्हा बोलावलं नाही. तेही मी समजू शकते, त्यांच्याशी माझं कधी जमलंच नव्हतं. माझा राग अण्णांवर आहे, आणि तो मी सोडलेला नाही. उडी नको होती मला. पळणंही नको होतं. ज्या जागेची मी फ्रॉकात असल्यापासून वाट बघितली तिथं ती येऊन माझ्या पायाशी नुसती बसली असती तर काय गेलं असतं? दोरीभर अंतर होतं.

बऱ्याच महिन्यांनी दुसऱ्या एका कामासाठी जनावरांच्या डॉक्टरांकडं दाखल्याला गेले होते. तेच बत्ताशीचे दाखले द्यायचे. बोलता-बोलता तो दिवस निघाला. डॉक्टर म्हणाले, "रंग कुठला होता?"

"गुलाबी."

"अहो, कुत्र्याला लाल-गुलाबी नीट दिसत नाही. तांबूस मातीवर, वाळल्या गवतावर गुलाबी म्हणजे तिच्या दृष्टीनं मातीच."

"मग दिसतं काय?"

"निळा चांगला दिसतो. आणि पिवळा."

मी तिथल्या स्टुलावर बसले आणि हसायला लागले. डॉक्टरांना वाटलं मला काही होतंय, त्यांनी पाणी आणवलं. तिला दिसणारे दोनच रंग, आणि तीन बैठका बसून आम्ही शहाण्या माणसांनी नेमके तेच दोन बाद केले होते. कुरुंदवाडच्या बँडवाल्याच्या तोंडी मी अण्णांकडं निरोप पाठवला, एवढाच, की तिला रंग दिसला नव्हता. त्यांचं उत्तर आलं नाही. मीही वाट बघत नव्हते.

पुढच्या हंगामात मी तिकीट काढून गॅलरीत बसले होते. हाफ टाइम झाला आणि फोन वाजला. अण्णा.

"अक्का, मैदानात हाय न्हवं?"

"हाय. का?"

"जरा आवाज ऐकवा."

"कुणाला?"

"तिला. म्हातारी झाल्या. गोठ्यात पडून असत्या. कायतरी ऐकायला बरं वाटंल."

मला खूप बोलायचं होतं. मी फोन वर धरला, गर्दीकडं. गाण्याच्या वर पोरांची आरडाओरड चालू होती, कुठं हलगी कडकडत होती. जरा वेळानं फोन कानाला लावला तर पलीकडून पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज, ठण, ठण, ठण.

"काय वाजतंय?"

"शेपूट. पत्र्याच्या डब्याला लागतंय." आणि त्यांनी फोन ठेवला.

तेव्हापासून हे असंच चालत आलं आहे. मोठा सामना असला की हाफ टाइमला अण्णांचा फोन. "ऐकवा." मी फोन वर धरते. ठण, ठण. बस्स. तब्येत, पाऊसपाणी, ऊस, काही विचारायचं नाही. शेजारी बसणाऱ्या पोरांना वाटतं, बाई कुणाला तरी सामना दाखवतेय. गुलाबी तबकडी घरी आहे, पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून नेमकी बसली.

या हंगामाच्या अंतिम सामन्याला मी लवकर जाऊन जागा धरली. खेळ चांगला चालला होता, माझं लक्ष नव्हतं. हाफ टाइमची शिट्टी झाली. मी फोन हातात घेऊन बसले. खेळाडू गेले, मैदान रिकामं झालं, गाणी लागली. कुणीतरी भजी आणली, पुढं केली, मी नको म्हटलं. फोन आला नाही. बदली खेळाडू मैदानात उतरून चेंडू मारायला लागले. रेफ्री येताना दिसला.

मी आयुष्यात कधी आधी बोलले नाही. आकडा नाही आणि माफीही नाही. त्या दिवशी मी नंबर लावला.

पलीकडं फोन उचलला गेला. पत्र्याचा ठण-ठण नव्हता. श्वास ऐकू आला, तो अण्णांचाच होता.

मी काही विचारलं नाही. उभी राहिले आणि फोन गर्दीच्या वर, हात पोचेल तेवढा उंच धरला. मागची पोरं "ओ मावशी, बसा की" म्हणून ओरडत होती. शिट्टी होऊन चेंडू मध्यावरून सुटला, तरी मी बसले नाही.